पाल्याची चिलीम

दिवाळी अंकासाठी काही लिहा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला आधी वाटलं त्यांना जाहिरात हवी असेल. नंतर कळलं, की त्यांना अनुभव हवा आहे. तंबाखूच्या दुकानात सगळं आयुष्य बसलेल्या माणसाकडे अनुभव कुठून असणार? खोकला असतो. तोही गिऱ्हाइकांचा. मी स्वतः चिलीम ओढली नाही, विडी ओढली नाही, पानातसुद्धा तंबाखू घेतला नाही. वडिलांनी गल्ल्यावर बसवताना एकच ताकीद दिली होती, की हा माल विकायचा आहे. बाकी सगळं परतूर ओढतच होतं, तेव्हा शुद्धीवरचा एखादा माणूस विकायला लागणारच होता.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. परतूर म्हणजे रेल्वे स्टेशन, कापसाच्या गाठी, धान्याची आडत आणि या सगळ्यांच्या उरावर तहसील कचेरी. आमचं दुकान स्टेशनवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हल्लीच्या मुलांना तंबाखू म्हणजे पुडी एवढंच ठाऊक, म्हणून सांगतो. चिलमीचा तंबाखू घरच्या लोणच्यासारखा घालावा लागतो. पान कुटायचं, काकवीत मळायचं, मसाला घालायचा आणि मडक्याचं तोंड बांधून मुरायला ठेवायचं. साधा माल तो गुडाखू. पिकली फळं घालून आंबवलेला तो खमिरा. हा देशमुखांसाठी, आणि आपण देशमुख आहोत असं ज्यांना जेवणानंतर वाटायला लागतं त्यांच्यासाठी. चिलीम मातीची. तळाशी खडा, त्यावर तंबाखू, वर निखारा आणि खालच्या तोंडाला ओलं फडकं, त्याला छापी म्हणायचं. मुठीत धरून मुठीतूनच ओढायची. ओठ चिलमीला लागत नाही, त्यामुळे सगळ्या चावडीला एक चिलीम पुरते.

आणि पुरायलाच हवी, कारण चिलीम ही ओढायची वस्तू कमी आणि कोण कुणाचा हे ठरवायची जास्त. ज्याच्याबरोबर चिलीम चालते तो आपला. ज्याची चिलीम बंद केली तो जिवंत असला तरी नसल्यासारखा. पुढे आलेली चिलीम हातात न घेता सोडून दिली, तर देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा अपमान होतो. तुमची तब्येत बरी नाही, दम लागतो, वगैरे कारणं सांगायची सोय त्या कायद्यात नाही.

आता पाल्याकडे येतो. बिनतंबाखूची चिलीम हा माझा शोध नव्हे. तो तहसील कचेरीतल्या एका पेशकाराच्या, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या कारकुनाच्या, बायकोचा हट्ट. नवऱ्याला तंबाखू सोडायला लावायचं तिनं मनावर घेतलं आणि नवऱ्यानं ते काम माझ्यावर ढकललं. म्हणाला, अप्पा, दिसायला तंबाखू पाहिजे, धूर पाहिजे, फक्त तंबाखू नको. वाळलेली तुळस, ज्येष्ठमध आणि गुलाबाच्या पाकळ्या कुटून मी त्याला पहिला घाणा करून दिला. त्यानं तो कचेरीत ओढला. आत गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं चपला बाहेर काढून यायला लागली, कुठंतरी पूजा चालली आहे असं समजून. पेशकार परत आला तो चिडून. यानं तलफ भागत नाही, उलटी भूक लागते, असं त्याचं म्हणणं.

दुसरा एक दमेकरी होता. त्याला कुणीतरी धोत्र्याची पानं ओढ म्हणून सांगितलेलं. मी पानं द्यायला नाही म्हणालो, तर त्यानं ती उकिरड्यावरून स्वतः तोडून आणली. ओढली, आणि रस्त्यातल्या म्हशीला तहसीलदार समजून वाकून सलाम करत बसला. उतरल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, तसा फारसा फरक जाणवला नाही. धोत्र्याचा नाद कुणी करू नये, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

पण या दोघांमुळे मला खोडी लागली. मुरलेला तंबाखू आणि झाडाचा पाला यांत अडतं कुठं, ते मी बघत बसलो. पाला भसकन पेटतो आणि दोन झुरक्यांत संपतो. त्याची राख काळी आणि भुसभुशीत, तंबाखूची राखाडी आणि धरून राहणारी. आणि मुख्य म्हणजे पाला घशाला काही करत नाही. चिलीम ओढणाऱ्याला घशात ठोसा बसल्याशिवाय आपण काही ओढलं असं वाटतच नाही. करत करत मी एका घाण्यावर आलो. पिकून गळालेली पपईची पानं, ती सावलीत वाळवलेली. थोडा अडुळसा, ज्येष्ठमध, वासाला नागरमोथा आणि कापूरकचरी, घशाच्या ठोशासाठी ओवा, आणि पेट आवरायला भरपूर काकवी. तंबाखूसारखाच मडक्यात मुरवलेला. राख तेवढी मला शेवटपर्यंत साधली नाही. धूर कशाचाही असो, छातीला तो नकोच असतो, हे मला परवा डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा आमचे हकीमसाहेबही तेच म्हणाले होते, फक्त त्यांनी फी घेतली नव्हती.

माल तयार झाला आणि दुकानात पडून राहिला. तंबाखूच्या दुकानात जाऊन पाला कोण मागणार? मला वाटलं, हौस फिटली, आता मडकं रिकामं करावं. त्याच सुमारास गयाबाई आल्या.

कुंभार पिंपळगावच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथल्या नातवंडांची दुकानावर अजून ये-जा आहे. तिथले पाटील दाजीबा, आणि गयाबाई त्यांच्या कारभारीण. तालुक्याला जावयाकडे आले आहे असं सांगून त्या माझ्याकडे आल्या होत्या. दाजीबांना दमा होता. त्यांची छाती तपासून हकीमसाहेबांनी माझ्यासमोरच सांगितलेलं होतं, "पाटील, चिलम बिलकुल बंद. नै तो अगली दफा मेरे पास आने की जरूरत नै." दाजीबांनी घरात कशीबशी बंद केली होती. म्हणजे गयाबाईंनी केली होती. ते नुसते रुसून बसले होते. ते जमलं, कारण त्या भागात पुरुषाची चंची, म्हणजे पानतंबाखूची कप्प्यांची पिशवी, घरातली बाई भरते. पान, सुपारी, तंबाखू, चुना, सगळं तीच बघते. गडी नुसता दोरी ओढतो आणि हात घालतो. आपण काय ओढतो याची त्याला फक्त चव माहीत असते.

अडचण अशी होती, की भावकीत समेट ठरला होता.

दाजीबा आणि त्यांचे चुलतभाऊ मारोतराव यांची चिलीम कित्येक वर्षं बंद होती. कारण फार मोठं होतं. एका पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून मानाचा बैल आधी कुणाचा जायचा, यावरून बोलाचाली झाली आणि मारोतरावांनी आपला बैल आधी घातला. बैल दोन्ही मरून गेले, त्यांना या मानापमानाचं काही वाटल्याचं ऐकलं नाही. पण दोन घरांचं बोलणं तुटलं. एका विहिरीवरच्या दोन मोटा एकाच वेळी चालेनात. जावाजावा समोरासमोर आल्या तर पदर पुढं ओढून निघून जात. शेवटी भावकीतले थोरले नाना, ज्यांना फारसं ऐकू येत नव्हतं आणि म्हणूनच सगळ्यांचं पटत होतं, त्यांनी दोघांना दम दिला आणि बैठक ठरवली.

समेटाची रीत अशी. दोन्ही घरच्या चंच्या चावडीत उघडायच्या. दोन्हींतली चिमूट एका तिऱ्हाइताच्या तळहातावर ठेवायची. त्यानं ती सगळ्यांसमोर एकत्र मळायची आणि एकच चिलीम भरायची. सगळ्या भावकीनं ती ओढली, की भांडण मिटलं. दोघांपैकी एकानं जरी हात आखडला, तरी मिटायचं सोडा, ते पुढच्या पिढीला वाटून दिलं असं समजायचं. म्हणजे दाजीबांपुढं दोन वाटा होत्या. ओढली तर छाती जाणार, नाही ओढली तर भावकी.

"त्याहीला म्हनलं, दम्याचं सांगा सगळ्याइला," गयाबाई म्हणाल्या. "तर म्हनतेत, मारोती म्हनंल निमित्त काढलं. मेलो तरी चालंल, पर चिलीम घेनार. आता तुमीच सांगा अप्पा, असा गडी समजावावा कसा?"

मी त्यांना मडकं दाखवलं. वास दिला, पेटवून दाखवलं. दाजीबांना सांगू नका असं त्यांनी मला आधीच बजावलं, कारण पाटलानं पाला ओढायचा म्हणजे मरणापेक्षा वाईट, असं ते म्हणाले असते आणि खरंच तंबाखू ओढून बसले असते. मग माझ्या लक्षात आलं, की अर्धी चिमूट मारोतरावांच्या चंचीतली येणार. मारोतराव म्हणजे त्या पट्ट्यातला तंबाखूचा शेवटचा दर्दी. माझा सगळ्यांत कडक माल त्यांच्या घरी जायचा. पाल्यात तो मिसळला तर पाल्याचा उपयोग काय?

गयाबाईंनी मडक्याचं तोंड परत बांधलं. मग विचारलं, मारोतरावांची चंची कोण भरतं. मी म्हणालो, कोण भरणार, कौसाबाई. मारोतरावांच्या मंडळी. ज्यांचं आणि गयाबाईंचं तोंड बघणं बंद होतं त्या.

त्यापुढचं मला कौसाबाईंनी नंतर सांगितलं. गयाबाई नदीवर धुण्याला गेल्या आणि जावेच्या शेजारच्या धोंड्यावर जाऊन बसल्या. बोलायचं कुठून सुरू करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी जावेच्या बादलीतलं एक धोतर उचललं आणि धुवायला घेतलं. ते मारोतरावांचं होतं. धुऊन पिळून ठेवलं आणि म्हणाल्या, माझ्या माणसाचा जीव तुझ्या चंचीत आहे. पुढचं सगळं सांगून झाल्यावर दोघी तिथंच पाण्यात पाय सोडून रडल्या. पुढच्या बाजाराला माझ्याकडून दोन पुड्या गेल्या. भावकीचा समेट खरा त्या धोंड्यावर झाला. चावडीत झाली ती बैठक. पण धोंड्यावर बसलेल्यांना फेटे नव्हते, त्यामुळे त्याचा उल्लेख कुठं होत नाही.

तिऱ्हाईत म्हणून मलाच बोलावणं आलं. तंबाखूवाला आणि परगावचा, दोन्ही बाजूंना चालणारा. मी नको म्हणण्याचा प्रयत्न करून पाहिला. चावडीत झाडून सगळी भावकी बसलेली. हा पाला उघडा पडला असता, तर खोटी चिलीम पाजली म्हणून समेट तर मोडलाच असता, वर त्या दोन बायकांचं काय झालं असतं ते मला मनात आणवत नव्हतं. माझं काय झालं असतं ते मात्र सारखं मनात येत होतं. दोन्ही चंच्या उघडल्या. दोन्हींतून माझाच माल माझ्याच तळहातावर पडला. मी तो असा मळला, जसा काही आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

पहिली मूठ थोरल्या नानांची. नाना स्वतःला तंबाखूतले मोठे जाणकार समजत. त्यांनी डोळे मिटून झुरका घेतला, धूर वर सोडला आणि जाहीर केलं, की असा तंबाखू वडिलांच्या वेळेनंतर आजच ओढला, हल्ली असं पान येतच नाही. हे ऐकल्यावर पुढच्या सगळ्यांना तो उत्तम लागणं भाग होतं. एकानं पानाची जात सांगितली. दुसऱ्यानं ती खोडून काढली. पपईचं नाव कुणी घेतलं नाही.

मग दाजीबा. त्यांनी चिलीम घेतली आणि एकदा घराच्या दिशेनं बघितलं. आपण आता विष घेणार आहोत असंच त्यांना वाटत होतं, हे तिथं मी एकटाच जाणत होतो. तरीही त्यांनी ती भरपूर ओढली. मी त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. खोकला आला नाही. चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग हळूहळू रुबाब आला. दोन्ही ज्येष्ठमधामुळे.

शेवटी मारोतराव. त्यांनी झुरका घेतला आणि धूर आत धरून ठेवला. निखारा जरा बाजूला सारून राख बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी छापीकडे बघितलं. चावडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, कारण त्यांनी दाद दिली म्हणजे संपलं. त्यांनी दाजीबांकडे नजर टाकली. इतक्या वर्षांत त्यांनी भावाला एवढ्या जवळून बघितलं नसावं. गळ्याच्या शिरा, वर आलेले खांदे, श्वासासाठी अर्धवट उघडं तोंड. मग शांतपणे धूर सोडला.

"बराबर जमलाय," ते म्हणाले. "पर लई कडक हाय. दुसरी भरू नका."

समेट झाला. गूळ वाटला गेला. मी गूळ तोंडात टाकून लगेच बैलगाडीत चढलो.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दाजीबा पाटील होते, आणि पाटलाला एकदा अनुभव आला की तो त्यावरून सिद्धांत काढतो. एवढी कडक चिलीम ओढून आपल्याला साधा ठसका लागला नाही, म्हणजे हकीम खोटारडा. दमा-बिमा काही नाही, तंबाखू बंद केल्यामुळेच छाती भरली होती. दुसऱ्या दिवसापासून ते हेच चावडीत सांगत सुटले आणि गयाबाईंकडे खरा तंबाखू मागायला लागले. ज्या पाल्यानं त्यांना एक दिवस वाचवलं होतं, तोच आता त्यांना तंबाखूकडे ढकलत होता. इतकी वर्षं धंदा करून मला हे सुचलं नव्हतं, की नकली माल फार चांगला जमला की गिऱ्हाईक असलीकडे वळतं.

पुढच्या बाजाराला मारोतराव दुकानात आले. काही न मागता बाकावर बसले. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बसूनच राहिले.

"पपई हाय," ते म्हणाले. "अन् नागरमोथा. दुसरं काय हाय ते कळून न्हाई राह्यलं."

मी सांगितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. हकीम काय म्हणाले होते तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, दाजीबाला माहीत आहे का. मी नाही म्हणालो. आमच्या घरातलीला? मी तराजू पुसायला घेतला. त्यावर त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं आता हे उठून जाऊन घरी काय करतील कोण जाणे. पण ते उठले नाहीत.

"त्यो आता खरा तमाखू मागून राह्यला," ते म्हणाले. "वहिनीनं न्हाई दिला तर गावात कुनाजवळ बी बसंल. लोक देतेत. म्हून रोज म्याच त्याच्यासंगं बसतो. माझ्या चंचीतला वडंल, दुसऱ्याचा न्हाई वडायचा. पाला भरून द्या."

मी म्हणालो, आणि तुमचा?

"म्या बी त्योच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. माझा कडक माल नाकानं ओळखणारा माणूस जन्मभर पपईची पानं ओढायला निघाला होता. मी म्हणालो, तुमच्यासाठी वेगळा कप्पा करता येईल चंचीला.

"त्यो वळखंल, अप्पा," मारोतराव म्हणाले. "तमाखूत न्हाई, पर मान्साच्या लबाडीत त्याला कळतं. एका चिलमीत दोघांनी वडायची तर दोघांनी एकच वडावं लागंल." मग म्हणाले, "त्या पोळ्याला मान त्याचाच व्हता. मला म्हाईत व्हतं. म्हाईत असून घातला म्या बैल."

ते एवढं बोलले आणि उठून गेले. मी तंबाखूचा व्यापारी, मला माणसाचं भलं झालेलं सहसा बघायला मिळत नाही. त्या दिवशी मला गल्ल्यावर बसवेना. दुकान अर्धं लावून मी स्टेशनपर्यंत उगाच चालून आलो.

मी दोघी जावांना एवढंच सांगितलं, की दाजीबा आता रोज मारोतरावांबरोबर बसणार, तेव्हा दोन्ही चंच्या पाल्यानंच भरत जा. तेव्हापासून त्या गावाची मजा अशी झाली. गयाबाईंना वाटायचं मारोतरावांना काही माहीत नाही. कौसाबाईंनाही तसंच वाटायचं. मारोतराव दोघींना तसं वाटू द्यायचे. दोघी आळीपाळीनं बाजाराला येऊन पाला घेऊन जायच्या आणि आपण पुरुषांना कसं बनवलं यावर माझ्या दुकानात बसून हसायच्या. मी पण हसायचो. दाजीबा रोज पारावर मारोतरावांच्या चंचीतली चिलीम ओढायचे आणि हकिमाला शिव्या द्यायचे. कधी स्वतः परतूरला आले तर माझ्याकडे हक्कानं खमिरा मागायचे. माझ्या दुकानातला खमिरा एका दाजीबांपुरता कायम संपलेला असायचा. हे काय दुकान आहे, असं ते म्हणायचे, आणि मागं बरण्या भरलेल्या असताना मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

पाल्यामुळे ते जगले असं मी म्हणत नाही. दमा होताच, थंडीत गयाबाई रात्र रात्र पाठ चोळायच्या. पण हकिमांनी धरलं होतं त्यापेक्षा ते कितीतरी जास्त जगले. मारोतरावांची मुलगी त्यांनी मांडवात उभं राहून सासरी पाठवली. पोळ्याला दोन्ही घरचे बैल एका जुवाच्या अंतरानं तोरणाखालून जाताना बघितले. शेवटी छातीनं त्यांना नेलं नाही. पावसाळ्यात ताप आला, तो उतरला नाही.

दहाव्याला मी गेलो होतो. गोदेच्या काठी पिंड मांडले होते आणि कावळा शिवत नव्हता. कावळे होते, समोरच्या बाभळीवर रांगेनं बसलेले होते, पण खाली एकही येईना. अशा वेळी मागं राहिलेल्यांनी मेलेल्याला शब्द द्यायचे असतात. मुलांनी दिले. आईला अंतर देणार नाही, वाटण्या करणार नाही. कावळे ऐकत होते, पटत नव्हतं. मग थोरल्या नानांच्या लक्षात आलं, की माणूस तंबाखूचा शौकीन होता, तंबाखू ठेवा. ते कुणीतरी त्यांच्या कानात ओरडून मान्य केलं. मी येताना उत्तम खमिरा आणला होता. जिवंतपणी नाही म्हणालो होतो, म्हणून आणला होता. तो पिंडाशेजारी ठेवला. कावळ्यांनी माना फिरवल्या.

ऊन चढलं. गयाबाई लांब बायकांत बसल्या होत्या, त्यांनी डोळ्याला लावलेला पदर काढला नव्हता. तेव्हा मारोतराव पुढं झाले. मला वाटलं ते आपली चंची पिंडापुढं ठेवतील आणि गुपचूप मागं येतील. ते पिंडासमोर उकिडवे बसले. हात जोडले आणि आवाज अजिबात न चोरता बोलले.

"दाजीबा, तुला तमाखू न्हाई पाजला आमी. पाला व्हता. पहिल्या दिसापासून पाला व्हता. म्या तुझ्यासंगं बसून रोज पालाच वडलो. तुला फसवलं, पर तुझा सास ऐकून फसवलं. आता काय रागवायचं ते माझ्यावर रागव. वहिनीवर नको."

गयाबाईंनी पदर काढून आधी मारोतरावांकडे आणि मग कौसाबाईंकडे बघितलं. कौसाबाईही तशाच बघत होत्या. इतकी वर्षं आपण ज्याला बनवलं तो सगळं जाणून पाला ओढत होता, हे दोघींना त्या घटकेला कळलं. भावकीतल्या त्या सगळ्या जाणकारांच्या नजरा, ज्यांनी चावडीत पानाची जात सांगितली होती, एक एक करून माझ्यावर येऊन थांबल्या. मी पळायला कुठली पायवाट सोपी ते बघून ठेवलं.

बाभळीवरून एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारत पुढं आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. त्याला भूक लागली असेल. दुपार होत आली होती. मी एवढंच म्हणेन, त्याहून जास्त मला ठाऊक नाही.

आंघोळी झाल्या. सगळे लिंबाखाली येऊन बसले. मारोतरावांनी चंचीची दोरी ओढली, चिलीम भरली आणि निखारा ठेवून थोरल्या नानांपुढं धरली. मघाचं नानांना किती ऐकू आलं होतं ते मला माहीत नाही, पण शेजारच्यानं ते त्यांच्या कानात पुन्हा सांगितलेलं मी बघितलं होतं. नानांनी चिलमीकडे बघितलं, आत काय आहे ते त्यांना आता पक्कं माहीत होतं. मारोतरावांचा हात पुढंच होता. मग नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली, एक लांब झुरका ओढला आणि पुढच्या माणसाला दिली. त्यानंही घेतली. कुणीच हात आखडला नाही.